गच्चीवर ताणलेलं आभाळ

सुनेचं कमरेवरचं अंग कठड्याच्या पलीकडे गेलं होतं. पाय अलीकडे होते, पण फरशीला टेकत नव्हते. तिच्या कमरेला दोर, दोराला बांबू, बांबूला पडदा आणि पडद्यात वारा भरलेला. वारा तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्याकडे ओढत होता. दोन्ही हातांनी कठडा धरून ती ओरडत होती, "आई, गाठ! गाठ सोडा!" गाठ तिच्या पाठीवर होती. मीच मारलेली. दोर भिजून गाठीचा दगड झाला होता आणि माझी बोटं तिच्यावरून नुसती घसरत होती.

गारा पडत होत्या. लोक सांगताना लिंबाएवढ्या म्हणतात. बोराएवढ्या होत्या. तेवढ्या पुरतात. माझ्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं, पण ते गारांचं नव्हतं. ते पाव तासापूर्वीचं होतं.

नवरा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या खोलीच्या भिंतीपाशी, पडद्याच्या वरच्या बांबूला दोन्ही हातांनी लटकून होता. भिंतीतल्या दोन कड्यांपैकी एक उपटून आली होती. त्या बाजूचा बांबू त्यानं अंगावर घेतला होता. मी कनवटीची सुरी काढली ते त्यानं पाहिलं.

"दोर कापू नको! पडदा जाईल! कापलास तर तुला जिवंत सोडणार नाही!"

या कानडी शहरात, चामराजपेटेतल्या या घरात तीन पिढ्या पडदे रंगवायचं काम चाललं. आधी नाटक कंपन्यांचे पडदे, नंतर फोटो स्टुडिओचे. राजवाडा, बाग, नदीकाठ, कारंजं. काहीही असलं तरी मागे आभाळ लागतंच. माझा नवरा फक्त आभाळ रंगवायचा. बाकीचं त्याचे भाऊ करत, ते असेपर्यंत. तो म्हणायचा, "खांब काय, पट्टी लावली की खांब होतो. ढगाला पट्टी लावून दाखवा." यात तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यासारखा ढग मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

मी निपाणीकडची. चौथी झाल्यावर शाळा सुटली, सतराव्या वर्षी लग्न करून इथं आले. आल्याच्या आठव्या दिवशी सासूनं मला गच्चीवर नेलं आणि खुंटी केलं.

खुंटी म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण ही रीत आमच्याच घरात होती. आभाळ ओल्या कापडावर रंगवतात. मांजरपाटाला खळ लावायची, ती ओली असतानाच रंग टाकायचा, म्हणजे ढगाची कड आपोआप पसरते. वरचा बांबू भिंतीतल्या कड्यांना टांगायचा, कापड तिरकं खाली आणायचं, खालच्या बांबूला दोर बांधून ताणायचं. उभं टांगलं तर रंग ओघळतो, आडवं पसरलं तर साचतो. म्हणून तिरकं. खळ सुकत जाते तसं कापड आकसतं. तो खालचा दोर भिंतीला किंवा खांबाला बांधला तर शिवण उसवते. माणसाला बांधला तर माणसाला ओढ कळते, तो थोडा पुढे सरकतो, ढील देतो. म्हणून घरातल्या बाईच्या कमरेला दोर बांधून तिला कठड्याकडे पाठ करून बसवायचं. पायाला आधार म्हणून विटांची रांग. तीन तास, चार तास. आभाळ एका ओलीत संपवावं लागतं, मध्ये उठता येत नाही.

गाठ पाठीमागे मारायची. पुढे मारली की खुंटी कंटाळून स्वतःच सोडते. हे मला सासूनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं सांगितलं असणार.

तीसच्या वर वर्षं मी खुंटी होते. त्यामुळे मी ढग पाहिले ते बसून, मान वर करून. जिन्याच्या खोलीमागून, बनशंकरीच्या बाजूनं, उन्हाळ्यात दुपारी तीन-चार वाजता ते चढतात. मे महिन्यात तर ठरल्यासारखे. सकाळी काही नसतं. दोन वाजता कापूस. मग फुलकोबी. मग फुलकोबीच्या बुडाला काळं लागतं, त्याला आम्ही म्हशी म्हणायचो. "म्हशी आल्या," असं सासूनं म्हटलं की रंगाचे डबे झाकायचे आणि कापड उतरवायचं. त्यात चूक व्हायची नाही.

नवऱ्याचं डोकंही तसंच होतं. तो प्यायचा नाही. लोक आधी तेच विचारतात म्हणून सांगते. आभाळ भरून आलं की त्याला मारायचं सुचे, की मारायचं मनात असलं की त्याला आभाळ तसं दिसे, हे मला इतकी वर्षं बघूनही सांगता येणार नाही. निरभ्र दिवशीही मी मार खाल्ला आहे. पण एक खरं. मला मारून तो वर गेला की त्या दिवसाचे ढग चांगले उतरत. काळ्यात निळं, निळ्यात जरासा हिरमुंजी, आणि कड अशी पांढरी की डोळा आखडावा. मी कौतुकानं सांगत नाही आणि रडूनही सांगत नाही. तसं होतं.

एकदा त्यानं मला बाकावरून ढकललं आणि माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या दुपारी त्यानं जो पडदा केला तो एका स्टुडिओत बरीच वर्षं होता. त्याच्यापुढे नवरानवरींचे फोटो निघाले, बारशाची पोरं बसली. त्यातला एक फोटो आमच्या शेजारणीच्या भिंतीवर अजून आहे. ती आणि तिची बहीण, दोघींच्या वेण्या पुढे घेतलेल्या, आणि मागे माझ्या हाडाचा ढग. शेजारीण म्हणते, "अक्का, काय आभाळ आहे ना! जसं काही खरंच पडेल." मी हो म्हणते. आहेच तसं.

मऊ ढग मात्र त्याला येत नसत. पहाटेचे, गुलाबी, अंग नसलेले. गिऱ्हाइकाला तेच हवे असत, विशेषतः लग्नाच्या फोटोला. तो कुंचला टेकवी तिथं वार उमटे. मग तो मला म्हणे, "जरा पुसून घे." मी दोर सोडवून घ्यायची, सासूला खुंटी करायची, आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं ओल्या कापडावर रंग टेकवत जायची. टेकवायचा, उचलायचा, टेकवायचा, उचलायचा. कुंचला नाहीच. सगळं आभाळ मी करायची, आणि त्याला तो पुसणं म्हणायचा. गिऱ्हाइकाला सांगताना, "मी केलं, बायकोनं पुसलं."

मऊ ढग काढणारी बाई मऊ असेल असं लोकांना वाटतं. मी ते काढताना मनात त्याला शिव्या देत असे. निपाणीच्या शिव्या, ज्या मी तोंडानं कधी दिल्या नाहीत. राग दाबून दाबून कापडावर टेकवला की तो गुलाबी उतरतो. हे कोणी शिकवलेलं नाही, हे मला हातानं कळलं.

मग छापील फ्लेक्स आले आणि काम संपलं. भाऊ गेले, सासू गेली. पडदे गुंडाळून माळ्यावर गेले. नवरा म्हातारा झाला, पण हात हलका झाला नाही. मुलगा मोठा झाला, शहराच्या दुसऱ्या टोकाला हेब्बाळला एका कंपनीत लागला आणि तिथंच कामाला असलेली नागपूरची मुलगी लग्न करून घेऊन आला. मुलगा बापासमोर बोलत नाही. लहानपणी दारामागे उभा राहायचा, आता ऑफिसात उभा राहतो.

सून वेगळी. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करते, कानात बोंडं घालून. आली तेव्हा तिला आमची भाषा कळायची नाही आणि तिची आम्हाला. आम्ही "स्वल्प थांब" म्हणायचो, ती म्हणायची, "आई, स्वल्प म्हणजे किती मिनिटं?" नवऱ्यानं पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला, चहा गार झाला म्हणून, तर ती म्हणाली, "बाबा, व्हॉल्यूम कमी करा, माझी मीटिंग चालू आहे." आणि त्यानं केला. मी स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मला आनंद झाला असं कोणाला वाटेल. मला रागच आला. एवढंच होतं का ते, असं वाटून.

माळ्यावरचे पडदे तिनंच खाली काढले. एकेक उलगडून त्यांचे फोटो घेतले, फोनवर कुठं कुठं टाकले. महिनाभरात हेब्बाळच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओनं पडदा मागितला. हातानं रंगवलेला पाहिजे, दहा फूट रुंद, चौदा फूट लांब. पहाटेचं आभाळ.

नवऱ्यानं त्या दिवशी स्वतः जाऊन मांजरपाट आणलं. पंधरा वर्षांनी त्याला काम मिळालं होतं. तो दाढी करून आला होता.

प्रश्न खुंटीचा होता. माझी कंबर गेली आहे, डॉक्टरनं पट्टा दिला आहे. आणि पुसायला तर मी लागणारच. सून म्हणाली, "मी बसते ना! नुसतं बसायचंच आहे ना? मी कॉल घेईन तिथून. सनलाइट पण मिळेल."

मी तिला दोर बांधला. दोन वेढे, आणि गाठ पाठीमागे.

"मागे का?" तिनं विचारलं.

"पुढे टोचते," मी म्हटलं.

का खोटं बोलले ते मला माहीत आहे. खरं सांगितलं असतं तर ती बसली नसती.

काम चांगलं चाललं होतं. पडद्याच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, दोघांच्या हातात काठीला बांधलेली अवजारं, त्याला कुंचला, मला चिंधी. खाली सून विटांना पाय लावून बसलेली, मांडीवर लॅपटॉप, कानात बोंडं. मध्येच कोणाला तरी इंग्रजीत झापत होती. नवरा म्हणाला, "खुंटीला इंग्रजी येतं. आमच्या आईला कन्नडसुद्धा धड येत नव्हतं." तीही हसली. तास-दीड तास गेला असेल. वरच्या अर्ध्या कापडावर गुलाबी चढलं होतं. सगळं माझ्या हातचं. त्यानं कडेला दोन रेघा ओढल्या होत्या, त्या मी पुसून मऊ केल्या.

मग स्टुडिओवाल्याचा फोन आला. तो काय म्हणतोय हे आम्हाला ऐकू येत नव्हतं, सुनेचंच ऐकू येत होतं. ती मान वर करून पडद्याकडे बघत म्हणाली, "हो हो, मस्त होतंय. नाही नाही, ते बाबा करतात ते डार्कवाले. हे सॉफ्टवाले सगळे आई करतात. हो, जुने पण आईंचेच. मी बघतेय ना समोर, बाबांनी तर हात पण नाही लावला." आणि ती हसली. वाईट मनानं नाही. तिला वाटलं, सासूचं कौतुक करतेय.

नवऱ्यानं काठी उलटी केली आणि पडद्याला वळसा घालून माझ्याकडे आला. मला माहीत होतं. मी मान खाली घातली, त्यामुळे गालावर बसायचं ते कपाळावर बसलं. दुसरा खांद्यावर. तिसरा कुठं ते आठवत नाही. तो काही बोलत नव्हता. मारताना तो कधीच बोलत नसे.

सुनेनं हे याआधी पाहिलं नव्हतं. चार वर्षं घरात होती, पण त्यानं तिच्यासमोर कधी हात उचलला नव्हता. ती उठायला गेली तर दोरानं तिला खाली बसवलं. लॅपटॉप फरशीवर पडला.

"बाबा! बाबा, काय करताय! थांबा!"

तो थांबला. तिच्यामुळे नाही. संपलं म्हणून.

"आई, माझी गाठ सोडा. आत्ता सोडा. मी पोलिसांना फोन करतेय."

आणि मी तिला काय म्हटलं? मी म्हटलं, "बस खाली. कापड ओलं आहे."

"आई, तुमच्या डोळ्यात रक्त जातंय!"

"बस म्हटलं ना. आभाळ अर्धं आहे. खुंटी उठली की सगळं वाया जातं."

सासूनं मला असंच म्हटलं होतं, माझा ओठ फाटलेला असताना. मी शब्दही बदलले नाहीत. सून माझ्याकडे बघत राहिली. मग ती हात मागे नेऊन गाठ चाचपायला लागली. तिच्यानं ती सुटली नाही. सुटूच नये म्हणून ती तशी असते.

तेवढ्यात तिनं वर पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून होती, म्हणून तिला आधी दिसलं. "आई, ते बघा," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

जिन्याच्या खोलीमागून म्हशी आल्या होत्या. पण मी जन्मभर पाहिल्या तशा नाहीत. बूड काळं नव्हतं, हिरवट होतं, शेवाळलेल्या हौदासारखं. वर फुलकोबी फुटून सपाट झाली होती, आणि पूर्ण ढग आतून ढवळत होता. एक तुकडा खाली येई, फिरे, पुन्हा वर ओढला जाई. वीज होती पण आवाज नव्हता. वारा पडला होता. खालच्या रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न एकदम जवळ ऐकू यायला लागले.

नवऱ्यानं ते पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. मग तो कुंचल्याकडे धावला. सत्तरीपुढचा माणूस, पण धावला. नीळ आणि काजळी एकत्र ओतली, पिवडी घातली, हिरवट केलं, आणि माझ्या गुलाबीवरून कुंचला घातला. मोठे मोठे हात. वरून खाली, खालून वर, मनगट फिरवून. माझं दीड तासाचं आभाळ दोन मिनिटांत त्यानं गाडलं, आणि त्यातून समोरचा ढग उठायला लागला. तो हिरवा. तो ढवळणारा पोटातला तुकडा. तो ती कड सोडून देत होता, म्हणजे माझं गुलाबी कडेपुरतं मागे उरत होतं आणि उजेडासारखं दिसत होतं. मी एवढं चांगलं काम आयुष्यात पाहिलं नाही. त्यानंही केलं नसेल.

सून ओरडत होती. "आई, वादळ येतंय! आई!"

मी बघत राहिले.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. म्हशी आल्या की कापड उतरवायचं, हे मला सतराव्या वर्षापासून माहीत होतं. गाठ चार पावलांवर होती. कनवटीला रंग खरवडायची सुरी होती. मी हातात चिंधी घेऊन, कपाळातून रक्त गळत असताना, त्या माणसाचा ढग बघत उभी होते आणि माझ्या मनात एवढंच होतं की आता खालच्या बाजूला जरा पांढरं पाहिजे. नवऱ्यानं मारलं ते त्याचं पाप. सून तशीच बांधलेली राहिली ते माझं.

मग पहिला झोत आला.

तो जिन्याच्या खोलीच्या दोन्ही बाजूंनी आला आणि पडद्याखाली शिरला. चौदा फूट ओलं कापड फुगलं. खालचा बांबू उचलला गेला आणि सून त्याच्याबरोबर विटांवरून उडून गुडघ्यांवर पडली. रंगाचे डबे गडगडत कठड्याला गेले. दुसऱ्या झोताला भिंतीतली डावी कडी विटेसकट बाहेर आली. नवऱ्यानं त्या बाजूचा बांबू धरला. कापड आता एका कडीवर आणि त्याच्या दोन हातांवर होतं, आणि वाऱ्यानं ते कठड्याबाहेर काढलं, निशाणासारखं. खालचा बांबू कठड्यापलीकडे, रस्त्याच्या वर गेला. त्याच्यामागून दोर. दोरामागून सून.

कठड्यानं तिला अडवलं. आमचा कठडा कमरेच्या थोडा खाली आहे, जुन्या घरांत असतो तसा. ती त्यावर पोटावर आपटली आणि कमरेत वाकली. मी तिचा एक पाय मिठीत घेतला. माझं वजन ते काय. आम्ही दोघी सरकत होतो. खालून कोणीतरी "अय्यो, अय्यो" ओरडत होतं. तेव्हाच गारा सुरू झाल्या.

पाय सोडून मी गाठीला हात घातला. नाही सुटली. मग सुरी काढली. तेव्हा तो ओरडला, ते वर सांगितलं आहे.

कापडाचं मला सगळं माहीत आहे. दोर कापला की खालची ओढ जाणार. पडदा मोकळा होऊन पूर्ण वाऱ्यावर जाणार. एका कडीवर टांगलेला बांबू फाटकासारखा फिरणार, आणि त्या फाटकाचं मोकळं टोक त्याच्या हातात होतं. त्या फिरण्याच्या वाटेत पाण्याच्या टाकीचा विटांचा खांब. हे मला दोर कापल्यावर कळलं नाही. आधी कळलं.

मी ओरडले, "अहो, सोडा! बांबू सोडा!"

त्यानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. तो ढग पावसात धुऊन चालला होता, काळं-हिरवं पाणी त्याच्या हातांवरून कोपरापर्यंत येत होतं. त्यानं बांबू आणखी छातीशी धरला.

दुसऱ्यांदा सांगायला वेळ नव्हता. सुनेच्या एका हातातून कठडा सुटला होता.

मी दोर कापला. एका घावात नाही झालं. सुरी बोथट होती, चार-पाच वेळा घासावी लागली. शेवटचा पेड तुटला तशी मी तिची साडी नव्हे, ती पँट घालते, तिचा पट्टा धरून मागे बसले आणि ती माझ्या अंगावर पडली. माझी कंबर कडाडली. पडदा माझ्या डोक्यावरून गेला. त्याचा आवाज झाला, मोठ्या पक्ष्याच्या पंखासारखा नाही, ओली गादी आपटावी तसा. आणि मग दुसरा आवाज झाला, बांबू खांबाला लागल्याचा. मधे तो होता.

सून माझ्या मांडीवर उलटी करत होती. मी उठले नाही. उठता येत नव्हतं हे खरं, पण मी उठायचा प्रयत्नही केला नाही. गारांत बसून राहिले आणि तिच्या डोक्यावर हात धरला, कारण तिच्या डोक्यावर गारा पडत होत्या. तो खांबापाशी बसल्यासारखा होता. डोळे उघडे होते. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि पाण्याबरोबर गच्चीच्या मोरीकडे जात होतं.

खालचे लोक वर आले. शेजारणीचा नवरा, इस्त्रीवाला अण्णा, आणखी कोण कोण. त्यांनी त्याला चादरीत घालून खाली नेलं. मला म्हणत होते, "अज्जी, तुम्ही बघू नका." मी बघितलं.

संध्याकाळी चौकीचा माणूस हॉस्पिटलात आला. भला होता. त्यानं कन्नडात विचारलं, "वारा आला, अज्जी, नाही का? जोराचा वारा आला आणि पडदा उडाला."

"वारा आला," मी म्हटलं. "दोर मी कापला."

"सरी, सरी, बरोबर आहे. सुनेला वाचवायला कापला."

"सुनेला वाचवायला कापला. तो तिकडे धरून होता ते दिसत होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे. हे काठीचं आहे का गारेचं, हे त्याला विचारायचं होतं, पण त्यानं विचारलं नाही. त्यानं वारा लिहिला. मी सही केली. सही मला येते.

मुलगा आला तो दारापाशी उभा राहिला. आत ये म्हटल्यावर आला. त्यानं बायकोचा हात धरला आणि मला म्हणाला, "आई, नक्की काय झालं?" मी सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसं, मी बघत राहिले तेही. सुनेनं तोंड भिंतीकडे केलं. ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. तिला बोलायला पाहिजे होतं असं मी म्हणणार नाही.

पडदा समोरच्या घराच्या टाकीवर अडकला होता. तिसऱ्या दिवशी लोकांनी काढून आणून दिला. कोरा झाला होता. कडेला थोडं गुलाबी होतं, तेही डागासारखं. मी त्याची फडकी केली.

आता ती बोलते. परवा म्हणाली, "आई, तुम्ही परत करणार का? मी खुंटी नाही होणार हं." मी म्हटलं, "कोणीच होणार नाही." लहान कापड घेते, दोन फूट बाय तीन फूट, पाटावर खिळे मारून. शिवण उसवली तर उसवली. म्हशी काढून पाहिल्या, येत नाहीत. हात मऊच पडतो. मनात त्याला शिव्या देणं मात्र थांबलेलं नाही.

सुनेच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि कमरेचं कातडं दोराएवढं सोललं होतं. माझ्या कपाळाला सात टाके पडले. नवरा हॉस्पिटलात पोचण्याआधी गेला. त्या दुपारी गच्चीवर आम्ही तिघं होतो. सून वाचली आणि मी वाचले.